राजेळीच्या साली आणि इनास सर

इनास सर केळं खातात आणि साल खिशात ठेवतात. रुमालात नीट घडी घालून, जपायचं पत्र ठेवावं तशी. मी हे पहिल्यांदा पाहिलं ते प्राचार्यांच्या निरोप समारंभात. चांगल्या मनानं कचऱ्याची टोपली त्यांच्यापुढे धरली. सरांनी आत डोकावून पाहिलं, टोपलीतल्या आणखी चार साली उचलल्या आणि म्हणाले, "थँक यू, सुर्वे."

वसईतल्या एका कॉलेजात मी प्रयोगशाळा सहाय्यक आहे. म्हणजे बाटल्या धुतो, लेबलं चिकटवतो आणि सर नसले की स्वतःला शास्त्रज्ञ समजतो. सर राहतात नंदाखालला, घरच्या केळीच्या वाडीत, एकटे. फळांचे अर्क काढायचे आणि कॅन्सरच्या पेशींवर घालून काय होतं ते बघायचं, हा त्यांचा कित्येक वर्षांचा उद्योग. जांभूळ झालं, करवंद झालं, रामफळ झालं. सध्या राजेळी केळ्याची साल चालू आहे. आगाशीकडे सुकेळी वाळवणाऱ्यांच्या अंगणात सालींचा ढीग पडतो, तिथं सर पिशवी घेऊन उभे राहतात. तिथल्या मावशींची समजूत, सरांनी शेळ्या पाळल्यात.

"किती झाल्या आता?" त्या विचारतात.

"चार लाख," सर सांगतात. ते पेशींबद्दल बोलत असतात.

सरांचा एक ठरलेला प्रश्न आहे. "जोडीला काय ठेवलं होतंत?" काही बदल करून पाहिला, तर तो न केलेलं दुसरं एक शेजारी हवं, नाहीतर कशानं काय झालं ते कळत नाही, हे त्यांचं म्हणणं. कोणी म्हणालं, नव्या तेलानं केस गळायचे थांबले, की सर विचारणार, जोडीला काय होतं? लग्नानंतर माझं पोट सुटलं, असं मी एकदा बोलून गेलो. सर गंभीरपणे म्हणाले, "बिनलग्नाचा सुर्वे कुठाय? त्याचं पोट बघू."

सकाळी आल्या आल्या ते इन्क्युबेटरचं दार उघडून आतल्या पेशींशी घरच्या बोलीत दोन वाक्यं बोलतात. अठरा वर्षं इथं काढूनही मला त्यातलं निम्मंच कळतं. बरी आहेस ना, असं काहीतरी असतं.

आता माझी करामत.

सर पुतण्याच्या लग्नाला गोव्याला गेले. जाताना सांगून गेले, "अर्क स्पिरिटात काढलाय, गरम पाण्यावर ठेवा, स्पिरिट पूर्ण उडू द्या. पूर्ण म्हणजे पूर्ण, सुर्वे. मग घाला पेशींच्या बशीत." त्या दुपारी आमच्या सोसायटीत पार्किंगची मीटिंग होती. न जाऊन चालणार नव्हतं, माझ्या स्कूटरच्या जागेवर एकाचा डोळा होता. मी बाटलीचा वास घेतला. केळ्याचा आला. म्हटलं, उडालं असेल.

थेंब घातले. दोन दिवसांनी सूक्ष्मदर्शकातून पाहिलं, तर एक पेशी जिवंत नाही. जिवंत पेशी तळाला चिकटून पसरलेल्या असतात. ह्या सगळ्या गोल होऊन तरंगत होत्या. मला तिथल्या तिथे सत्काराची शाल दिसायला लागली. मी पहिला फोन ताईला केला.

ताई म्हणजे माझी मोठी बहीण, आचोळ्याला राहते. तिचे केमोचे दोन डोस झाले होते, तिसरा येत्या गुरुवारी. केस गेले होते, जेवण लोखंडासारखं लागत होतं. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"तू स्वतः बघितलंस?"

"माझ्या डोळ्यांनी. सगळ्या खलास."

"मग गुरुवारी मी जात नाही," ती म्हणाली. मला वाटलं, बोलतेय नुसती. रविवारी गेलो तर घरात राजेळीचा अख्खा घड टांगलेला, आणि भावजी गॅसवर साली उकळताहेत.

सोमवारी सर आले. मी बशी पुढे केली. त्यांनी बशीकडे पाहिलंच नाही, बाटलीचं बूच काढून वास घेतला.

"जोडीला काय ठेवलं होतंत?"

"काही नाही, सर." मग ताईचंही सांगितलं. सांगावंच लागलं.

सर माझ्या स्टुलावर बसले. ओरडले असते तर बरं झालं असतं. "त्यांना घेऊन या," म्हणाले. "आजच."

पेशींच्या त्या खोलीत सर कोणाला घेत नाहीत. अत्तर लावलंय म्हणून त्यांनी प्राचार्यांनाही दारातून परत पाठवलं होतं. ताईला त्यांनी स्वतःचा कोट घातला, जिवंत पेशींच्या तीन बश्या पुढे ठेवल्या. एकीत घालायला माझा अर्धवट अर्क, दुसरीत नुसतं स्पिरिट, तिसरीत काही नाही. "थेंब तुम्ही घाला. चिठ्ठ्याही तुमच्याच अक्षरात लावा. आणि बुधवारी या."

बुधवारी ताईनं बराच वेळ पाहिलं. पहिली बशी मेलेली, दुसरीही मेलेली. तिसरीतल्या पेशी तळभर पसरलेल्या.

"दुसरीत तर केळं नव्हतंच."

"नव्हतं. स्पिरिटनं मेल्या. पहिलीतही तेच. सुर्वेंना मीटिंग होती."

ताईनं माझ्याकडे पाहिलं. स्कूटरची जागा मला मिळाली होती, हे मी तेव्हा सांगितलं नाही.

"म्हणजे सालीत काहीच नाही?"

नाही म्हणाले असते तर काम झालं असतं. पण सरांना खोटं बोलता येत नाही. "असेल. नीट केलेल्या अर्कानं थोड्या मरतात. पण बशीत मरणं आणि माणसाच्या अंगात मरणं यात फार लांबचा रस्ता आहे. मी त्याच्यावर चालतोय, ताई, पोचलेलो नाही. तुमचं औषध पोचलेलं आहे."

ताई तिसऱ्या बशीवर वाकली. "ह्या कोणाच्या?"

"एका बाईच्या. लांबच्या देशातल्या. ती जाऊन खूप वर्षं झाली. तिच्या गाठीतल्या पेशी अजून वाढताहेत."

"नाव काय तिचं?"

"माझ्याकडे डबी आली तिच्यावर नुसता नंबर होता."

ताईनं कोट काढून, घडी करून सरांच्या हातात दिला आणि मला म्हणाली, "उद्या रिक्षा सातला सांग. आणि तो घड घेऊन जा घरातनं."

तिला खाली रिक्षात बसवून मी बश्या धुवायला वर आलो. सर टेबलाशी कागद घेऊन बसले होते.

"ताईंचं पूर्ण नाव सांगा."

मला वाटलं, माझ्याविरुद्ध तक्रार लिहिताहेत. तो चर्चचा कागद होता. रविवारच्या मिस्सात ज्यांच्यासाठी प्रार्थना करायची त्यांची नावं त्यावर द्यायची असतात. 'आजारी' या शब्दाखाली सरांनी ताईचं नाव लिहिलं. "चालेल ना त्यांना?"

"चालेल, सर."

'दिवंगत' या शब्दाखाली आधीच लिहिलेलं होतं: एक बाई.

"फादर विचारत नाहीत, कोण म्हणून?"

"विचारलं होतं एकदा," सर कागदाची घडी घालत म्हणाले. "मी सांगितलं, घरातलीच आहे."