पोटरीचं माप

अजिनाथच्या उजव्या पोटरीत पहिल्यांदा फडफडलं, तेव्हा तो बजाजनगरातल्या घरात पलंगावर बसून पायमोजे चढवत होता. कातडीखालून कुणीतरी टिचकी मारावी तसं झालं. त्याने पाय सरळ केला तर थांबलं, वाकवला तर पुन्हा सुरू. अशा वेळी शहाण्या माणसाने पायमोजा वर ओढायचा आणि कामाला निघायचं. पण अजिनाथ वाळूजच्या एका कारखान्यात क्वालिटी इन्स्पेक्टर होता. समोर आलेली वस्तू न तपासता पुढे जाऊ देणं त्याच्या रक्तातच नव्हतं. त्याने मोबाईल उघडला.

आता मोबाईलला विचारावं आणि मोबाईलने ‘काही नाही, जा कामाला’ म्हणावं, असं अजून तरी कुणाच्या बाबतीत घडलेलं नाही. चहा जास्त झाला, झोप कमी झाली, काळजी वाढली, अशी साधीसुधी कारणं वर दिलेली होती. ती अजिनाथने अंगठ्याने भराभर सरकवून टाकली. एवढ्या मोठ्या शंकेला एवढी फुटकळ कारणं त्याला पटेनात. अगदी तळाशी मात्र त्याला हवं ते सापडलं. एक आजार होता. त्यात स्नायू आधी फडफडतात, मग झिजतात, मग हातातली पकड जाते, गिळताना त्रास होतो आणि शेवटी श्वाससुद्धा... अजिनाथने तिथेच मोबाईल पालथा घातला. आजाराचं नाव भलंमोठं होतं. त्यानंतर त्याने ते मनातही घेतलं नाही, नुसतं ‘ते’ म्हणू लागला.

“अहो, एवढी बरणी उघडून द्या ना,” स्वयंपाकघरातून त्याची बायको रत्नमाला लोणच्याची बरणी घेऊन आली.

अजिनाथने बरणीकडे संशयाने पाहिलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण रत्नमालेने कधी बरणी उघडून मागितली नव्हती. उलट त्याला न उघडणारी झाकणं तीच उघडायची. मग आजच का? पकड बघतेय का आपली? त्याने बरणी मांडीत धरली, दातओठ खाल्ले आणि असा हिसका दिला की झाकण एकीकडे आणि तेल दुसरीकडे.

“एवढा जोर कशापायी?” अंगावरचं तेल पुसत रत्नमाला म्हणाली. “आटे हायेत त्याला. फिरवायचं असतंय.”

“जोर हाय ना पण?” अजिनाथने आशेने विचारलं.

“हाय की. धुणंबी पिळून द्या मग. गोधडी भिजत घातलीय.”

अजिनाथने गोधडी पिळली. ही दुसरी परीक्षा, हे तो समजून चुकला होता. बायकोला संशय आलाय आणि आपल्याला दुखवायचं नाही म्हणून ती असं आडून आडून तपासतेय, या विचाराने त्याला भरून आलं. त्याने गोधडी इतकी पिळली की तिचे टाके उसवले.

दुसऱ्या दिवसापासून रीतसर तपासणी सुरू झाली. त्याने शिंप्याची टेप आणली आणि दार लावून दोन्ही पोटऱ्या मोजल्या. उजवी पोटरी डावीपेक्षा बारीक भरली. त्याने पुन्हा मोजलं. तरी बारीकच. कारखान्यात एवढा फरक असलेला जोड आला असता तर त्याने लाल चिठ्ठी लावून परत पाठवला असता. पण पाय परत कुठे पाठवणार? सोयगावकडे त्याचे वडील बिरू अजून मेंढरं राखत होते. त्यांना फोन करून ‘हे घ्या तुमचं’ म्हणावं, असं क्षणभर त्याच्या मनात येऊन गेलं. मग वडिलांचा चेहरा डोळ्यांपुढे आला आणि तो विचार तिथेच गिळावा लागला. गिळता आलं, हेही त्याने नोंदवून ठेवलं.

चवड्यांवर चालता येतं का, हे बघावं असं मोबाईलने सांगितलं होतं. मग अजिनाथ मोरीपर्यंत चवड्यांवर जाऊ लागला आणि टाचांवर परत येऊ लागला. साहजिकच पोटऱ्या दुखू लागल्या. दुखू लागल्या म्हणून तो जास्त चालू लागला.

पण नुसत्या आपल्या पायांवरून निकाल कसा लावायचा? तुलनेला चांगला नमुना हवा, हे कोणताही इन्स्पेक्टर सांगेल. कारखान्यात त्याच्या टेबलाशेजारी विश्वजीत बसायचा. तोही इन्स्पेक्टर, हट्टाकट्टा आणि सदा हसरा. जेवणाच्या सुट्टीत अजिनाथ त्याला म्हणाला, “पँट वर कर जरा.”

“क्या बात है मियाँ! कशासाठी?”

“माप घ्यायचंय पोटरीचं.”

विश्वजीतने फार चौकशी केली नाही. डबा खाता खाता त्याने पाय पुढे केला. एवढ्यात मोल्डिंगमधले रामकिसन तिथून चालले होते. त्यांनी हे पाहिलं आणि निमूट शेजारी येऊन पँटचे दोन्ही पाय गुडघ्यापर्यंत दुमडून बसले. त्यांच्यामागे आणखी कुणी आलं. कँटीनमध्ये बातमी पसरली की कंपनी या खेपेला लांब गमबूट देतेय आणि मापं आजच घेणार. बघता बघता रांग लागली. एवढे उघडे पाय त्या कँटीनने कधी पाहिले नसतील.

“माझं ढिलं घे रे, पाय सुजतो माझा संध्याकाळी,” एकाने बजावलं.

“मला काळा रंग नको,” दुसरा म्हणाला.

अजिनाथला नाही म्हणता येईना. आणि खरं सांगायचं तर, इतका मोठा नमुना आयता मिळाल्यावर त्याला नाही म्हणायचंही नव्हतं. तो गुडघ्यांवर बसून मापं घेत राहिला. शेवटी इस्त्रीच्या पँटमधले दोन पाय समोर आले. ती पँट काही केल्या वर होईना. त्याने मान वर केली, तर प्लँट मॅनेजर.

“हे काय चाललंय?”

“सर्व्हे, साहेब,” अजिनाथ म्हणाला.

“कसला?”

“आपला... पायांचा.”

साहेबांनी हा सर्व्हे वरून आला असावा असं समजून मान हलवली आणि ते निघून गेले. त्यामुळे गमबुटांवर शिक्कामोर्तब झालं ते वेगळंच. सर्व्हेतून निघालेला निष्कर्ष मात्र स्पष्ट होता. अख्ख्या शिफ्टमध्ये एकाही माणसाच्या दोन पोटऱ्या सारख्या नव्हत्या. दुसरा कुणी असता तर इथे सुटकेचा श्वास टाकून चहाला गेला असता. अजिनाथने विचार केला, ‘त्यांच्या जन्मापासून तशा असतील. माझी झिजलीय.’

त्याच दुपारी टेबलावर रबरी बुशांचा, म्हणजे गाडीच्या सांध्यांत बसणाऱ्या रबरी नळकांड्यांचा, ढीग आला. साच्यातून निघाल्यावर बुशाच्या कडेला रबराची पातळ झालर राहते. ती कात्रीने कापायचं काम कंत्राटदार बजाजनगरातल्या घराघरांतून बायकांना देतो. रत्नमालाही ते करायची. सगळ्यांच्या पिशव्या कंत्राटदाराकडे एकत्र व्हायच्या, त्यामुळे कुठला बुश कुणी कापला हे कळायला मार्ग नव्हता. गेले काही आठवडे त्यात वेडेवाकडे कापलेले बुश निघत होते. अजिनाथ आधीच वैतागलेला. त्याने एक कुरतडल्यासारखा बुश उचलून विश्वजीतला दाखवला.

“कोण बाई कापतीय ही? हात मोडलाय का तिचा?”

आणि त्याने लाल चिठ्ठी लावली.

घरी भाकरी बंद झाली होती. रत्नमालेच्या हातची बाजरीची भाकरी म्हणजे अजिनाथचा जीव की प्राण. पण हल्ली रोज खिचडी, नाहीतर मऊ भात. पहिल्या दिवशी त्याला काही वाटलं नाही. मग ‘गिळताना त्रास’ आठवला आणि घास घशातच अडकला. मऊ अन्न! म्हणजे बायको पुढच्या टप्प्याची तयारी करतेय. त्याने खालमानेने खिचडी संपवली. रत्नमालाही हल्ली फार बोलत नसे. दोघं एकमेकांना सांभाळत, एका ताटाच्या दोन बाजूंना गप्प बसून खिचडी खात होती.

रविवारी सगळा बांध फुटला. रत्नमाला वाढायला वाकली. डाव्या हाताने वाढत होती. उजवा हात तिने पदराखाली धरला होता. पदर सरकला आणि अजिनाथला तिचं मनगट दिसलं. त्यावर एकही बांगडी नव्हती. एखादी फुटली तर दुसरी भरेपर्यंत मनगटाला दोरा बांधणारी बाई ती. अजिनाथच्या आईने, बानाबाईने, लग्नात स्वतः बसून तिला चुडा भरला होता. त्या हातावर आज काही नव्हतं.

“बांगड्या कुठायत?” त्याने विचारलं.

“काढून ठेवल्या. आता टोचत्यात त्या—”

“काढून ठेवल्या?” अजिनाथ ताटावरून उठला. “अगं, मी अजून जित्ता हाय!”

रत्नमाला पळी हातात धरून बघतच राहिली. “मग मी कुठं नाय म्हणले?”

अजिनाथ भिंतीला टेकून खाली बसला आणि लहान पोरासारखा रडू लागला. पोटरी, मोबाईल, ‘ते’, टेप, चवडे, सगळं त्याने हुंदके देत सांगितलं. “मी गेलो तर तुझं कसं व्हायचं, एवढंच डोक्यात असतंय गं. मरणाचं मला काय वाटत नाय,” असं तो म्हणाला. यातलं शेवटचं वाक्य धादांत खोटं होतं.

रत्नमालेला आधी हसू आलं. मग ते ओठांतच विरलं आणि तिचेही डोळे भरले. “असलं कायतरी एकट्यानं मनात धरून बसत्यात व्हय?” ती म्हणाली. “मला वाटलं, नोकरीवर गंडांतर आलं. उद्या जायचं दवाखान्यात. मी येते संगं.” आपल्या हाताचं काय ते सांगायचं तिने पुन्हा पुढे ढकललं.

शहरातल्या नसांच्या डॉक्टरीणबाई वयस्कर होत्या आणि कमी बोलायच्या. त्यांनी अजिनाथचे गुडघे हातोडीने ठोकले, हात ओढले, पाय दाबले. मग चवड्यांवर चालायला सांगितलं. अजिनाथ सफाईने खोलीच्या टोकापर्यंत गेला आणि न सांगता टाचांवर परत आला.

“सराव करून आलात?” बाईंनी विचारलं.

“रोज करतो.”

“मग पोटरी फडफडेल नाही तर काय करेल? ताकद चांगली आहे, सगळं व्यवस्थित आहे. तुम्हाला ते काही झालेलं नाही.”

“पण मॅडम, उजवी बारीक हाय.”

“कुणाचे दोन पाय अगदी सारखे असतात?”

“कुणाचेच नाय,” अजिनाथ पटकन म्हणाला. “मी मोजलेत. अख्ख्या शिफ्टचे.”

बाईंनी चष्मा काढून त्याच्याकडे नीट पाहिलं. “चहा कमी करा, झोपा, आणि तो मोबाईल काही दिवस यांच्याकडे द्या,” असं म्हणून त्यांनी चिठ्ठी रत्नमालेपुढे धरली. रत्नमालेने उजवा हात पुढे केला. चिठ्ठी बोटांतून सुटून खाली पडली. तिने ती डाव्या हाताने उचलली.

“हात बघू,” बाई म्हणाल्या.

त्यांनी तिचा तळवा उजेडात धरला. अंगठ्याच्या मुळाशी जो मांसल उंचवटा असतो, तो तिच्या उजव्या हाताला जवळजवळ सपाट झाला होता. अजिनाथनेही तो पाहिला. टेप लावायची गरज नव्हती.

“स्नायू झिजणं म्हणजे हे,” बाई शांतपणे म्हणाल्या. “मुंग्या येतात?”

“येत्यात. पहाटं हात झटकत बसावं लागतंय. भाकरी थापता येत नाय.”

“काम काय करता?”

“रबरी बुश कापते. घरीच.”

अजिनाथच्या कानशिलात कुणीतरी मारल्यासारखं झालं.

“मनगटात नस दाबली गेलीय. तपासणी करू. पट्टा बांधा, कात्री बंद. कदाचित छोटं ऑपरेशन लागेल. हात सुधारेल, पण उशीर केलात. मिस्टरांना सांगितलं नाही?”

रत्नमालेने नवऱ्याकडे पाहिलं. “सांगणार होते. बरणी उघडायला दिली, गोधडी पिळायला दिली. म्हणलं, येईल ध्यानात. पर त्यांचंच कायतरी बिनसलेलं दिसत होतं.”

अजिनाथने मान खाली घातली. अख्ख्या शिफ्टच्या पोटऱ्या मोजून झाल्या आणि घरातला एक हात बघायचा राहिला, याची त्याला मनस्वी लाज वाटत होती. परतीच्या रिक्षात त्याने तिचा तो हात स्वतःच्या दोन्ही हातांत धरला आणि वाळूज येईपर्यंत सोडला नाही. रिक्षावाला आरशातून बघत होता, तरीही.

घरी अर्धी कापायची राहिलेली पिशवी होती. कंत्राटदाराला शब्द दिलेला. अजिनाथ संध्याकाळी कात्री घेऊन बसला. मनगटाला पट्टा बांधून रत्नमाला समोर बसली आणि सूचना देऊ लागली. “तिरकी धरा. ओढू नका. तुमचा सगळा जोर बरणीवरच का?” दहाएक बुश झाले नाहीत तोच त्याचा अंगठा भरून आला. पोटरी फडफडली तेव्हा त्याला ‘ते’ आठवलं, नाही असं नाही. पण कात्री मध्येच सोडली तर झालर फाटते, म्हणून त्याने खाली पाहिलं नाही.

दोन-तीन दिवसांनी कारखान्यात बुशांचा नवा ढीग आला. विश्वजीतने एक बुश उचलला, उजेडात फिरवला आणि हसत सुटला. “ये देख! उंदरानं कुरतडल्यागत. ही बाई तर पहिलीपेक्षा भारी हाय. हात मोडलाय का हिचा?”

अजिनाथने बुश हातात घेतला. ओळखायला वेळ लागला नाही. त्याने स्वतःच लाल चिठ्ठी काढली आणि नीट दाबून चिकटवली.

“बाई नाय ती, गडी हाय,” तो म्हणाला. “जरा उशिरा लागलाय कामाला.”