पंचवीस वर्षांचा तळ

माणसाने जे करावं ते तळापासून करावं, असं माझं ठाम मत आहे. हे मत मला यंदा मार्चमध्ये सुचलं आणि नोव्हेंबरात मी ते मागे घेतलं. मधल्या काळात सासऱ्यांची होडी होती.

होडी अ‍ॅल्युमिनियमची, बारा फुटी. सासऱ्यांनी तिच्यातून तीस वर्षं तलावात मासे धरले. मग त्यांचा गुडघा बदलला आणि होडी आमच्या मागच्या अंगणात येऊन उताणी पडली. पत्र्याला काही झालं नाही, पण आत पाय ठेवायला प्लायवूडचा जो तळ असतो तो सडला. इतका, की एका कोपऱ्यात कुत्र्याच्या छत्र्या उगवल्या.

माझे साडू व्यवहारी आहेत. म्हणजे दुसऱ्याच्या वस्तूंची विल्हेवाट लावण्यात तरबेज. सगळे जेवायला बसलो असताना त्यांनी होडी भंगारात देऊन टाका म्हणून सुचवलं. सासरे ताटाकडे बघत म्हणाले, "पंचाहत्तरीला एकदा तिच्यात बसायचं मनात होतं. असो."

ते 'असो' माझ्या बायकोला लागलं. तिने माझ्याकडे पाहिलं. बावीस वर्षांच्या संसारात त्या नजरेला नाही म्हणायची सोय मला सापडलेली नाही.

"बाबा, तळ मी बदलतो," मी म्हणालो.

साडूंना ठसका लागला. मी बदललेल्या नळाखाली आमच्याकडे अजून बादली असते, हे त्यांना माहीत आहे.

मी कामाला लागलो. जुना तळ चहात बुडलेल्या बिस्किटासारखा हातात आला. त्याच्याखाली पाणी पिऊन म्हशीएवढा जड झालेला स्पंज होता आणि स्पंजाखाली एक चमचा. तो हरवला म्हणून सासूबाईंनी दोन कामवाल्या बदलल्या होत्या. मी तो धुऊन गुपचूप त्यांच्या फडताळात ठेवला. न्यायदान हा माझा प्रांत नव्हे.

मग लाकडाच्या दुकानात गेलो आणि कधीच न कुजणारं प्लायवूड मागितलं. दुकानदाराने एक हिरवट फळी थोपटली. तांब्याच्या औषधात मुरवलेली आहे म्हणाला, वाळवी नुसता वास घेऊन माघारी फिरते. पंचवीस वर्षांची हमी! कशाला हवी, हे त्याने विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. दोघेही आपापल्या जागी खूश होतो.

आमच्या शेजारी एक वेल्डर राहतो. त्याला सगळे ठिणगी म्हणतात, कारण बोलतो तेवढंच. मी फळी कापत असताना तो कुंपणापाशी येऊन उभा राहिला.

"साहेब, लेबल वाचलंत?"

मी त्याला मी एम.ए. असल्याची आठवण करून दिली. त्यानंतर तळाचं जीवनातलं स्थान या विषयावर थोडं बोललो. तो अर्ध्यावर निघून गेला. लेबल पिवळंधमक होतं, दिसायला वाईट. म्हणून ती बाजू मी खाली केली आणि चाळीस स्क्रूंनी तळ घट्ट बसवला. वर तीन हात वॉर्निश. त्यात बायकोला स्वतःचा चेहरा दिसला, तेव्हा बावीस वर्षांत पहिल्यांदा ती मला म्हणाली, "अहो, छान झालंय हो."

जूनच्या पहिल्या आठवड्यात काम संपलं. पंचाहत्तरी नोव्हेंबरात. वेळेआधी पुरं झालेलं हे माझ्या आयुष्यातलं पहिलं काम, आणि सगळा घात त्यानेच केला. नेहमीसारखी टंगळमंगळ केली असती तर होडी वाचली असती.

त्याचं असं आहे, की होडीच्या मागच्या अंगाला पाणी काढून टाकायचं भोक असतं. त्याचं बूच मी हातोडीने ठोकून बसवलं, बाहेरचं पाणी आत येऊ नये म्हणून. होडी अंगणात होती हे त्या क्षणी लक्षात आलं नाही. वर ताडपत्री बांधली. चार महिने पाऊस ताडपत्रीच्या भोकातून आत जात राहिला आणि बुचामुळे तळाखालीच साचून राहिला. मी रोज खिडकीतून ताडपत्रीकडे अभिमानाने बघत होतो.

पंचाहत्तरीला सगळं घर तलावावर. साडू कोरडे कपडे घेऊन आले होते. मी तो अपमान गिळला. सासरे जुनी टोपी घालून, गळ घेऊन आले, होडीत बसले, काठीने तळ ठोकून पाहिला.

"भक्कम आहे, जावईबापू."

त्यांचे डोळे भरून आले होते. माझेही. मी वल्हं मारलं आणि काठावरच्या साडूंकडे असं पाहिलं, जसं एखाद्याने राज्य जिंकून पाहावं.

दहा हात गेलो असू.

"जावईबापू," सासरे शांतपणे म्हणाले, "नवा गुडघा भिजला तर चालतो का, डॉक्टरांना विचारायचं राहिलं."

खाली पाहिलं. तळाच्या चारही कडांनी पाणी वर येत होतं. मी थर्मासच्या झाकणाने ते उपसू लागलो. मी एक झाकण बाहेर टाकावं आणि तलावाने एक बादली आत घालावी, असा आमचा हिशेब चालला. शेवटी होडी डबक्यात म्हैस बसावी तशी सावकाश खाली बसली. पाणी छातीइतकंच होतं, पण सासरे बसलेले होते. त्यांनी गळ मात्र शेवटपर्यंत वर धरला होता.

साडू बुटांसकट पाण्यात शिरले आणि सासऱ्यांना पाठुंगळी घेऊन काठावर गेले. मग कोरड्या कपड्यांतला एक जोड माझ्यापुढे धरला. तो अपमानही मी गिळला.

दुसऱ्या दिवशी होडी बाहेर ओढली आणि ठिणगीने तळ काढला. खालच्या पत्र्याची चाळण झाली होती. जिथे जिथे ओली फळी टेकली होती, तिथे तिथे तांब्याने अ‍ॅल्युमिनियम खाल्लं होतं. फळीवर ओरखडासुद्धा नव्हता. ठिणगीने ती उलटी केली आणि पिवळं लेबल माझ्यासमोर धरलं. ठळक अक्षरांत छापलं होतं: अ‍ॅल्युमिनियमला लागू देऊ नये.

"एम.ए. कशात?" त्याने विचारलं.

होडी भंगारवाल्याने नेली. फळी त्याला नको होती. मग बायकोने तोड काढली. ठिणगीने तलावाच्या काठाशी लोखंडी पाय रोवले आणि त्यांच्यावर तो तळ बसवला. पुढे निमुळता, मागे रुंद, अगदी होडीच्या आकाराचा. आता दर रविवारी सासरे त्याच्यावर खुर्ची टाकून गळ सोडून बसतात, आणि साडू त्यांना थर्मासमधून चहा देतात.

परवा धीर करून मी विचारलं, "बाबा, होडीत बसल्यासारखं वाटतं का?"

त्यांनी बराच वेळ, प्रामाणिकपणे विचार केला.

"नाही," ते म्हणाले.

तळाची अजून चोवीस वर्षं शिल्लक आहेत.