सोळा किलोचा डबा आणि नवाफचं गणित

“काटा लागतो अडाण्यांना! मला गणित येतं!” असं तेलाच्या घाण्यावर सगळ्यांना ऐकवून नवाफ ऑलिव्ह तेलाचं पिंप गाडीत घालून घरी आला. काट्यापुढची रांग पाहून त्याचा धीर सुटला होता, पण हे कोण कबूल करणार!

पोरीचा, लुबनाचा, साखरपुडा झालेला. नव्या तेलाचा पहिला डबा व्याह्यांना द्यायचा, आणि डबा म्हणजे सोळा किलो तेल. अजलूनच्या त्या डोंगरात तान्हं पोरही हे जाणतं. नवाफला मात्र घरात दिसलं फक्त लिटरचं माप.

“तेल पाण्यावर तरंगतं की नाही?” त्याने बायकोला विचारलं.

“तरंगतं,” इंतिसार म्हणाली.

“म्हणजे हलकं! हलकं म्हणजे कमी! सोळा किलोला साडेचौदा लिटर बास!”

“अहो, हलकं असेल तर उलट जास्त लागेल ना?”

“तू तुझा कांदा बघ!”

तिने कांदा बघितला. नवाफने डबा भरला. वर चांगली चार बोटं जागा उरली, तर म्हणे तेलाला श्वास घ्यायला लागते! आणि झाकण ठोकून मोकळा झाला.

शुक्रवारी होणाऱ्या विहीणबाई, उम्म मुतसिम, अम्मानहून जेवायला आल्या. सोबत मुलगा मुतसिम, म्हणजे होणारा जावई. शिकलेला इंजिनियर! तेलात निथळणाऱ्या मुसख्खनवर, म्हणजे कांदा-कोंबडी घातलेल्या रोट्यांवर, सगळ्यांनी आडवा हात मारला, कॉफी झाली, आणि नवाफने ऐटीत डबा पुढे ठेवला. बाईंनी कडीला धरून एका हाताने उचलला. चेहराच उतरला त्यांचा!

“अबू लुबना, पोरगी द्यायची नसेल तर सरळ सांगा. असा अर्धामुर्धा डबा कशाला?”

दारातली लुबना पांढरीफटक पडली. नवाफला वाटलं, एका डब्यापायी पोरीचं लग्न मोडतंय की काय!

“अहो विहीणबाई, गणित आहे त्यात! तेल हलकं...”

“आई, काकांचं बरोबर आहे!” मुतसिम मध्येच बोलला. “हलकं तेल, म्हणून कमी लिटर!”

बाई लेकाकडे बघतच राहिल्या. “तू बांधलेला पूल कुठला रे? सांगून ठेव, मी वळसा घालून जाईन!”

इंतिसारने न्हाणीघरातला वजनकाटा आणला. नवाफ नुसता उभा राहिला, सत्त्याण्णव. डबा घेऊन उभा राहिला, एकशे अकरा.

“म्हणजे चौदा, त्यात डब्याचंच एक,” लुबना म्हणाली. “बाबा, तीन किलो कमी!”

इंतिसारने विहिणीकडे पाहिलं. विहिणीने इंतिसारकडे. आणि दोघी एकदम फुटल्या! हसून हसून डोळ्यांत पाणी!

“तुमच्याकडे एक, आमच्याकडे एक!” उम्म मुतसिम ओढणी सावरत म्हणाल्या. “चला, पिंप आणा. तुम्ही काट्यावरून हलायचं नाही हं! एकशे चौदा होईपर्यंत ओतू.”

नवाफच्या कवेत डबा. त्यात इंतिसार लोट्याने तेल ओततेय. पण दोघींना ओतण्यापेक्षा गप्पांची घाई!

“मग लग्न कधी?” विहीणबाई.

“पुढचा उन्हाळा बरा,” इंतिसार म्हणाली आणि लोटा हवेतच थांबला.

“अगं, ओत ना!” नवाफचे हात लटपटायला लागले.

“छे! ईद झाली की लगेच उरकू. अम्मानमध्ये मोठं सभागृह घेऊ. खर्च मुलीकडचे आणि आम्ही अर्धा-अर्धा. काय हो अबू लुबना?”

“ईदनंतर? अहो, जमणार कसं? आणि अर्धा खर्च मी...”

“हलू नका! काटा हलला! आता पुन्हा पहिल्यापासून बघायला हवं.”

“हो! हो! ईदनंतर! अर्धा-अर्धा! ओता आता!”

मुलीचं लग्न ठरवताना बापाला कुणी विचारलंच नाही, अशी तक्रार नवाफला जन्मात करता येणार नाही. रीतसर विचारलं होतं. फक्त तेव्हा त्याच्या हातात अख्खा डबा होता.