सॅन्टनच्या वाडीतला बँड

सॅन्टनच्या वेलाला फुलं उदंड येत, पण दुधी काही धरत नव्हता. बोटाएवढा झाला, की पिवळा पडून गळायचा. कुंपणापलीकडे फेबियनच्या वाडीत मात्र हाताएवढे दुधी लोंबत होते. उमेळे गावातल्या निवृत्त माणसाला एवढं दुःख पुरेसं असतं.

एके दिवशी त्याने मोबाइलवर पाहिलं, की संगीत ऐकवलं तर झाडं जोमाने वाढतात. लगेच मुलीचा, मर्लिनचा, स्पीकर वेलाखाली ठेवून त्याने संथ बासरी लावली. वेल होता तिथेच राहिला. त्याची बायको अँजेलिना मात्र चुलीपुढे पेंगू लागली आणि दोनदा भात करपला.

"वेलाचं राहू द्या, इथं मलाच झोप येते," ती करवादली. "जरा उभारी येईल असं काहीतरी लावा!"

उभारी म्हटल्यावर सॅन्टनला लग्नातला बँड आठवला. दुसऱ्या दिवसापासून वाडीत सकाळ-संध्याकाळ ट्रम्पेट आणि ड्रम दणाणू लागले. वेलाने दोन नवी पानं काढली आणि एक कोवळा दुधीही धरला. सॅन्टन एवढा हरखला, की तडक बांबू आणायला गेला.

"किती देऊ, अंकल?" दुकानदाराने विचारलं.

"दे भरपूर. मोठा मांडव घालायचाय!"

घरात बँड, अंगणात मांडवाचे बांबू आणि मुलगी लग्नाच्या वयाची. गावाला आणखी काय हवं? रविवारी मिस्सा सुटल्यावर फादरांनीच सॅन्टनला गाठलं.

"मांडव घालतोस म्हणे. आधी मला नको का सांगायला?"

"तुम्हाला कशाला त्रास, फादर? घरच्या घरीच आहे, छोटंसं."

संध्याकाळी थोरल्या बहिणीचा, जोआनाबायचा, फोन आला. ती आधीच फणफणत होती.

"सख्खी आत्या मी, आणि मला बाहेरच्यांकडून कळतं?"

"बाय, त्यात सांगण्यासारखं काय आहे? हा टिकला, तर सांगू म्हटलं. आधीचे सगळे पिवळे पडून गेले."

"आधीचे? किती होते?"

"असतील आठ-दहा."

पलीकडून "जेजू!" एवढंच ऐकू आलं आणि फोन कटला.

सोमवारी संध्याकाळी फाटकात एक तरुण येऊन उभा राहिला. तो फ्लॉईड. चर्चच्या क्वायरमध्ये मर्लिनच्या मागच्या रांगेत खणखणीत गाणारा, पण तिच्याशी बोलायची वेळ आली की ज्याचा आवाज बसतो, तो. आत बँड ऐन रंगात आला होता. फ्लॉईड काहीतरी पुटपुटला.

"मोठ्याने बोल!" सॅन्टन ओरडला.

"अंकल, हा बँड कोणासाठी?"

"दुधीसाठी!"

फ्लॉईडचा चेहरा पडला. गावात प्रत्येकाला टोपणनाव असतं, पण हे त्याने ऐकलं नव्हतं. "हा दुधी कोण? कुठल्या गावचा?"

"गावचा कसला? माझ्याच वाडीतला!"

"त्याच्यात असं काय आहे, जे माझ्यात नाही?"

सॅन्टनने प्रामाणिकपणे विचार केला. "तसं काही नाही रे. पाणीच जास्त."

"मग मर्लिन त्याला कशाला देता?" बँडच्या वर आवाज चढवत फ्लॉईड जीव खाऊन ओरडला. "मला द्या! माझं तिच्यावर प्रेम आहे!"

फेबियन कुंपणाशी आला. समोरच्या इमारतीच्या बाल्कन्या भरल्या. अँजेलिना हातात पळी घेऊन दारात थिजली. आणि फ्लॉईडच्या पाठीमागे, ऑफिसातून आलेली मर्लिन पर्स खांद्याला लावून उभी होती.

"एवढं मोठ्याने बोलता येतं तुला?" ती म्हणाली.

"बँड... बँड वाजतोय ना," फ्लॉईड अडखळला. त्याचा आवाज पुन्हा बसला होता.

"डॅडी, बंद करा तो स्पीकर. याला आता हळू आवाजात परत सांगू दे."

फ्लॉईडने सांगितलं. सॅन्टनला सगळा घोळ उमगायला अँजेलिनाला त्याच्या कानात दोनदा बोलावं लागलं. पुढच्या रविवारी फ्लॉईडचे आईवडील आले आणि लग्न ठरलं.

या वेळी चूक नको, म्हणून पाहुण्यांचे चहाचे कप उचलायच्या आत सॅन्टन केक घेऊन जोआनाबायकडे धावला.

"बाय, मर्लिनचं लग्न ठरलं. सगळ्यांच्या आधी तुला सांगायला आलोय!"

जोआनाबायने केक हातात घेतला आणि तोंड वाकडं केलं.

"आत्ता सांगतोस? माझा ब्लाउजसुद्धा शिवून आला."