अर्जीकाकांच्या शर्ती

आमच्या समोर राहणारे अर्जीकाका कोणताही कागद शेवटून वाचायला लावायचे. 'लावायचे' म्हणते, कारण स्वतः ते वाचत नसत. साधी लग्नपत्रिका आली तरी माझ्या पोरीला, शालीला, हाक जायची.

"शाले, वाच. खालून वाच."

"काका, वर श्रीगणेश हाय."

"असू दे. वर नुस्ते देव अस्तेत. जेवू घालणारा खाली अस्तो."

त्यांचं खरं नाव किसनराव. पण पाथरीत त्यांना त्या नावानं कुणी ओळखत नव्हतं. निजामाच्या राज्यात ते कचेरीसमोर बाकावर बसून लोकांच्या अर्ज्या लिहून द्यायचे. उर्दूत. त्यांचं अक्षर एवढं सुंदर होतं म्हणे की तहसीलदार आधी अक्षर बघायचा आणि मग मजकूर. मला उर्दूतलं काही कळत नाही, पण त्यांच्या दारावर त्यांनी लिहिलेलं त्यांचं नाव मी पाहिलंय. वेलीला फुलं यावीत तसं दिसायचं. बायको लवकर वारली, लेकरू झालं नाही. माणूस आणि बोरू, दोघंच घरात.

मग पोलीस अ‍ॅक्शन झाली, निजाम गेला, कचेरीत मराठी आली. काका तरी दोन वर्षं रोज शेरवानी घालून, वर रुमी टोपीऐवजी गांधी टोपी चढवून, त्याच बाकावर जाऊन बसायचे. कुणी यायचं नाही. मला वाटलं आता हा माणूस चिंतेनं वाळणार. पण काका वाळणारे नव्हते. गावातली पोरं मॅट्रिक व्हायला लागली होती आणि पुढं कुठं जायचं, कागद कोणते लागतात, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. काकांनी औरंगाबादच्या कॉलेजचं नियमांचं पुस्तक मागवलं, हैदराबादचं मागवलं, आणि बाकावर पुन्हा गर्दी झाली.

बोलणं एकच. "पहिले शर्त, मंग हौस."

वालूरहून एक पाटील पोराला घेऊन आले. म्हणाले, "काका, ह्याला डाक्टर करायचाय."

"सायन्स हाय?"

"न्हाई."

"गणितात किती?"

पोरगं खाली बघायला लागलं.

"पाटील, ह्याला जत्रंतल्या पाळण्यात बशिवा. तितं दाखल व्हायाला कायबी शर्त न्हाई."

पाटील रागावून गेले आणि आठ दिवसांनी पोराला घेऊन परत आले. मग काकांनी त्याला चालेल असं कॉलेज शोधून दिलं. असंच व्हायचं. शिव्या खाल्ल्याशिवाय काकांकडून काम होत नसे.

घरातसुद्धा तेच. मी लोणचं दिलं तर विचारायचे, "सूनबाई, खायाला लायक कदी व्हतंय? किती दिवस पुरे पायजेत?" माझ्या सासऱ्यांचे ते मित्र, म्हणून मी त्यांची सूनबाई. नणंदेला स्थळ आलं तेव्हा मुलाकडच्यांनी मुलीचं शिक्षण, रंग, उंची सगळं विचारून घेतलं. काका कोपऱ्यात बसले होते. म्हणाले, "झाल्या तुमच्या शर्ती? आता पोरीच्या ऐका." पाहुणे चहा न घेता उठले. सासूबाई महिनाभर काकांशी बोलल्या नाहीत. मला मात्र ते आवडलं होतं. तेव्हा बोलले नाही, आता सांगते.

पोरांना मात्र ते फार राबवायचे. नियमांचं पुस्तक त्यांच्यासमोर मोठ्यानं वाचायचं, तेही शेवटच्या पानापासून. का, तर म्हणे सगळ्या अडचणीच्या अटी मागंच दडवलेल्या असतात. आणि अर्ज ज्यानं त्यानं आपल्या हातानं लिहायचा. "ही बी शर्त हाय," असं बोट वर करून सांगायचे. काका नुसते डोळे मिटून, सुपारी चघळत ऐकणार. एकदा ऐकलेला नियम मात्र जन्मात विसरायचे नाहीत.

मी चिडवायची. "काका, नुस्ते बसून हुकूम सोडायलात. हाताला मेंदी लावली का?"

ते हसायचे आणि हात शेरवानीच्या खिशात घालायचे.

शाली मॅट्रिक पास झाली त्या वर्षाची गोष्ट. तिला कॉलेजात जायचं होतं. आमच्या मालकांची पिठाची गिरणी होती, माणूस चांगला पण शब्दाचा पक्का. ते म्हणाले, "यंदा जमलं तर जाऊ दे. न्हाई जमलं तर बोरीचं स्थळ थांबलंय, त्यांना हो सांगतो." शालीनं त्या दिवशी जेवण केलं नाही. मी चौथीपर्यंत शिकलेली. पाचवीला मला कुणी विचारलंही नव्हतं. मी तिला काकांकडं पाठवलं.

कॉलेजला वयाची पंधरा वर्षं पुरी पाहिजे होती. शालीला आठ महिने जास्तच झाले होते. पण तिचा जन्माचा दाखला जुन्या शाळेतला, उर्दूत, आणि तारीख फसली सनातली. निजामाचं सरकारी वर्ष वेगळं होतं. ते ऑक्टोबरात सुरू व्हायचं. त्याचं इंग्रजी साल करायचं तर फसली सनात पाचशे एक्क्याण्णव मिळवायचे. पण वर्षाच्या सुरुवातीच्या महिन्यांत, डिसेंबर संपेपर्यंत, पाचशे नव्वदच. हे गणित तालुक्यात काकांइतकं कुणाला येत नव्हतं. शंभर पोरांचे दाखले त्यांनी असे तोंडी फिरवून दिले होते.

आता गंमत अशी की तेव्हाचे मास्तर पोरगं शाळेत आलं की उन्हाळ्यातली कुठलीतरी तारीख ठोकून द्यायचे. सगळ्या गावाचा जन्म उन्हाळ्यातला. मी मात्र मास्तरांशी भांडले होते. माझी पोरगी दिवाळीच्या तोंडावर झाली, खरं तेच लिहा म्हणाले. त्यांनी मुकाट 'आजूर' लिहिलं, म्हणजे फसली वर्षाचा पहिलाच महिना. काकांच्या जिभेला सवय एक्क्याण्णवची. त्यांनी तसंच सांगितलं आणि शालीनं तसंच लिहिलं.

कॉलेजचं पत्र आलं. वय पुरं नाही, अर्ज नामंजूर.

मी पत्र घेऊन समोर गेले आणि जे तोंडाला येईल ते बोलले. काकांनी शालीला तारखांची जंत्री काढायला लावली नाही. बोटांवर मोजलं. पुन्हा मोजलं. मग टोपी काढून मांडीवर ठेवली.

"आजूर हाय की," ते म्हणाले. "नव्वदच पायजे व्हते. सूनबाई, पोरीचं एक वरीस म्या खाल्लं."

"मग ते परत द्या," मी म्हणाले.

नाव दाखल करायची मुदत दोन दिवसांनी संपणार होती. मालकांना गिरणी सोडता येईना. दुसऱ्या दिवशी मी, शाली आणि काका मोटारीनं मानवत रोडला गेलो आणि तिथून रेल्वेनं औरंगाबादला. काकांच्या काखेत जुनी जंत्री होती, फसली आणि इंग्रजी दोन्ही तारखांची. वाटेत ते एकदाही 'शर्त' म्हणाले नाहीत. तेव्हाच मला काळजी वाटायला हवी होती.

खिडकीतला कारकून तरुण होता, तिकडं पुण्याच्या बाजूचा. त्यानं जंत्री पाहिली, बोट ठेवून महिना पाहिला. माणूस वाईट नव्हता.

"बरोबर आहे तुमचं. पण हा दाखला मराठीत कुणी सांगितला?"

"म्या."

"मग आजोबा, चूक तुमची होती एवढं चार ओळींत लिहून द्या आणि सही करा. लगेच नाव लावतो."

त्यानं कागद दिला. आम्ही व्हरांड्यातल्या बाकावर बसलो. काकांनी कागद गुडघ्यावर घेतला, पेनाचं टोपण काढलं, लावलं, पुन्हा काढलं. मग कागदाच्या उजव्या टोकाला पेन टेकवून काही अक्षरं लिहिली. काय देखणी अक्षरं होती ती!

"काका, मराठीत लिवायचंय," शाली म्हणाली.

काका थांबले.

"काय झालं?" मी विचारलं. "वेळ चाललाय."

"येत न्हाई, सूनबाई."

"काय येत न्हाई?"

"मराठी लिवाया. वाचाया बी. आमच्या शाळंत उर्दूच व्हती." ते शालीकडं न बघता म्हणाले, "कुणाला सांगू नका."

मग मला त्यांच्या सगळ्या शर्ती आठवल्या. मोठ्यानं वाच. आपल्या हातानं लिव. आणि मी विचारलेली ती मेंदी आठवली.

शालीनं पेनासाठी हात पुढं केला. मी तो बाजूला सारला. "तुझ्या कागदावर तुझं अक्षर नको. पुन्हा शंका काढतील." मी पेन घेतला. "सांगा, काका."

ते सावरून बसले आणि डोळे मिटले. "लिवा. हुजूरच्या खिदमतीत अर्जदार बाअदब..."

"मला जोडाक्षरं जमत न्हाईत. सोपं सांगा."

"लिवा. चूक माझी हाय. पोरीची न्हाई. तिचं वय पुरं हाय. तिला घ्या."

मी लिहिलं. ओळी वर गेल्या, खाली आल्या. दोन ठिकाणी शालीनं तोंड उघडलं, मी डोळे वटारले. चौथी सोडल्यापासून मी धोब्याच्या हिशेबाशिवाय काही लिहिलं नव्हतं.

काकांनी खाली उर्दूत सही केली. कारकून ओशाळला. म्हणाला, "आजोबा, मला हे वाचता येत नाही, आणि साहेबही गावाला गेलेत. मराठीत करा, नाहीतर..." त्यानं शाईची गादी पुढं सरकवली.

ज्याचं अक्षर तहसीलदार मजकुराआधी बघायचा, त्या माणसानं डावा अंगठा गादीवर टेकवला आणि आपल्या सहीच्या शेजारी उमटवला.

शालीचं नाव लागलं.

परतीच्या गाडीत ते अंगठ्याकडं बघत होते. मी म्हणाले, "पुसा ते. शेरवानीला लागंल."

"राहू द्या," ते म्हणाले. "दाखिल्याची शाई हाय."

शाली कॉलेजला गेल्यावर घर उगाचच मोठं वाटायला लागलं. चार दिवसांनी दुपारी काका उंबऱ्याबाहेर येऊन उभे राहिले. काखेत पाटी होती. एरवी न विचारता आत येणारा माणूस, त्या दिवशी आत येईना.

"सूनबाई, तुमच्या शाळंत दाखल व्हायाला शर्त काय हाय?"

"वय किती?"

"छप्पन पुरे."

"कशावरून? फसलीचं का इंग्रजीचं?"

ते हसले, पण पाऊल उचललं नाही. उत्तराची वाट बघत होते.

"मोठ्यानं वाचायचं," मी म्हणाले. "अन् आपल्या हातानं लिवायचं. ही बी शर्त हाय. या आत."

मी पाटीवर अ काढून दिला. त्यांनी तो शेजारी काढायला घेतला. आधी उजवीकडची काठी, मग डावीकडं जात जात बाकीचं सगळं. मी तो पुसला नाही. अ झाला होता.