नेनेबाई आणि पेटीतले 'अहो'

नेनेबाई डुकराच्या यकृताला 'अहो' म्हणतात.

जपानमधल्या त्सुकुबातल्या प्रयोगशाळेत मी रुजू झालो त्या सकाळी आतल्या खोलीतून आवाज आला, "अहो, आज पित्त कमी दिसतंय तुमचं. बरं वाटत नाहीये का?" नवऱ्याशी फोन चालू असेल म्हणून मी सभ्यपणे बाहेर थांबलो. दहा मिनिटांनी डोकावलो, तर ना फोन, ना नवरा. काचेच्या पेटीत एक तांबूस, ओलसर यकृत आणि शेजारी धपधपणारा पंप.

बाईंचं कामच ते. यकृत शरीराबाहेर जिवंत ठेवायचं, म्हणजे पुढेमागे एखाद्या अत्यवस्थ रुग्णाचं रक्त त्यातून फिरवता येईल आणि त्याला सावरायला चार दिवस मिळतील. नळीतून पित्ताचे थेंब पडताहेत तोवर स्वारी जिवंत.

"आणि डुक्कर?" मी विचारलं.

बाईंनी ओठांवर बोट ठेवलं. "ते सोमवारीच गेलं. हळू बोला, यांना अजून कळलेलं नाही."

मी हसलो खरा, पण आवाज आपोआप खाली आला.

बाई साठीकडे झुकलेल्या, कट्टर शाकाहारी. कोंबिनीत, म्हणजे इथल्या कोपऱ्यावरच्या दुकानात, भाताच्या गोळ्याचं पाकीटही भिंग लावून वाचतात, न जाणो आत मासा असायचा. आमचे तंत्रज्ञ मोरी-सान हा अतिशय सरळ माणूस. त्यांनी नोंदवहीत 'नेने-सान बोलल्या' असा वेगळा रकानाच आखलाय. बाई बोलल्या की थेंब वाढतात म्हणे! मी यथेच्छ टिंगल केली. मग एकदा बाई जेवायला गेल्या असताना थेंब थांबले. मी घाबरून नळ्या तपासत होतो, तेवढ्यात बाहेर त्यांच्या सपातांची फटफट ऐकू आली आणि दार उघडायच्या आत नळी टपटपू लागली. हे मी मोरी-सानना सांगितलेलं नाही.

शुक्रवारी प्रयोग संपवायचा होता. आधी ऑक्सिजन बंद, मग पंप, आणि लगेच यकृताचे तुकडे कापून औषधात. मधे वेळ गेला तर पेशी नासतात, आठवड्याची मेहनत पाण्यात. इथली पद्धत अशी, की बटणाकडे बोट रोखून काय करतोय ते मोठ्याने म्हणायचं आणि मगच दाबायचं. एरवी मोरी-सानच हे उरकतात. त्या दिवशी ते तापाने घरी होते.

"ऑक्सिजन, बंद," बाई म्हणाल्या आणि झडप फिरवली. मग बोट पंपाकडे नेलं. "पंप..."

पुढचा शब्द येईना.

"बाई, तुकडे नासतील."

"दोन वर्षांपूर्वी आईला व्हेंटिलेटरवर ठेवलं होतं," पंपावरची नजर न हलवता त्या म्हणाल्या. "भावाने पुण्याहून व्हिडिओ कॉल केला. डॉक्टर विचारताहेत, म्हणाला, मशीन बंद करायचं का. मी इथूनच म्हटलं, करा बंद. तर म्हणतो, ताई, ऐकू नाही आलं, परत सांग. दोनदा म्हणावं लागलं हो मला."

मला फार वाईट वाटलं. मी त्यांचा हात हळूच खाली केला, स्वतःचं बोट पंपावर रोखलं आणि पार जिन्यापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात एकदाच म्हणालो, "पंप, बंद."