तीनशे वर्षांचं बक्कल

सतराव्या शतकात मेलेल्या माणसाच्या विजारीचं बटण क्लेमंट थर्केटल दहा पावलांवरून ओळखायचा. बायकोच्या कोटाचं लोंबणारं बटण मात्र त्याला अख्ख्या सप्टेंबरात टाचता आलं नव्हतं.

"राहू दे, मी लावतो," असं त्याने ठणकावून सांगितलं होतं. "बटणं हा माझा विषय आहे."

विषय त्याचा म्हटल्यावर रोवेनाने सुई-दोऱ्याला हात लावला नाही. लग्नाला जेमतेम पाच महिने झालेले. नवऱ्याच्या विद्वत्तेत ढवळाढवळ करायचे दिवस अजून यायचे होते. परिणामी तिच्या निळ्या कोटाचं वरून दुसरं, गुलाबाच्या फुलाचं पितळी बटण एका धाग्यावर लोंबलं, लोंबलं आणि जुन्या वस्तू शोधत फिरणाऱ्या क्लेमंटला ती चहाचा थर्मास द्यायला गेली असताना शेजारी बल्लार्डच्या शेतात कुठेतरी गळून पडलं.

पुढच्या शनिवारी वारा अस्सल नॉरफोकचा होता, म्हणजे समुद्रावरून निघालेला आणि वाटेत कुठेही न थांबलेला. कोट फडाफडा उघडत होता. तेव्हा रोवेनाने एक अगदी छोटा निर्णय घेतला. सासूबाईंनी लग्नात दिलेलं चांदीचं बक्कल पट्ट्याला लावायचं आणि तो पट्टा कोटावरून आवळायचा. शेतापर्यंत जायचं आणि परत यायचं. कोणाला कळणार आहे?

(कोणालाच कळलं नाही. पुढचं सगळं त्यामुळेच तर घडलं.)

हे बक्कल साधंसुधं नव्हतं. डोरीनबाईंनी ते सुनेच्या हातात ठेवलं तेव्हा त्यांचा चेहरा चोराच्या हाती तिजोरीची किल्ली देणाऱ्या माणसासारखा झाला होता. "तीनशे वर्षांचं आहे, बाई. थर्केटल घराण्याच्या सात सुनांनी वापरलं. एकीनेही हरवलं नाही." शेवटचं वाक्य त्यांनी दोनदा म्हटलं होतं.

रोवेना घरी आली तेव्हा पट्टा होता, बक्कल नव्हतं.

ती तशीच मागे पळाली आणि शेतात गुडघ्यांवर बसून ढेकळं उलटी करू लागली. कानाला हेडफोन लावून, यंत्र डावी-उजवीकडे फिरवत क्लेमंट तिच्याजवळ येऊन थांबला.

"काय शोधतेयस?"

"फुलं."

"ऑक्टोबरात?"

"म्हणूनच सापडत नाहीयेत."

"बरं, पण माझ्या रेषेतून जरा बाजूला हो," असं म्हणून तो पुढे निघून गेला.

आता कोणी म्हणेल, जमिनीतला धातू शोधणारं यंत्र घरात, ते चालवणारा नवरा घरात, मग सांगून टाकायचं की! पण क्लेमंटच्या तोंडात तीळ भिजत नसे. रोज संध्याकाळी तो आईला फोन करायचा आणि जेवणात किती बटाटे होते इथपासून सगळा वृत्तांत द्यायचा. त्याला सांगणं म्हणजे सासूबाईंना सांगणं, आणि सासूबाईंना सांगणं म्हणजे उरलेला जन्म 'ती हरवणारी' म्हणून काढणं. तो कामावर गेला असताना रोवेनाने त्याचं यंत्र चोरून शेतात नेऊनही पाहिलं. यंत्र प्रत्येक पावलाला किंचाळलं. तिला बिअरच्या डब्यांच्या बारा-पंधरा कड्या मिळाल्या. मग बल्लार्डने शेतावर ट्रॅक्टर फिरवला आणि आशेचीही माती झाली.

त्यानंतरच्या शनिवारी क्लेमंट धावत घरी आला. बूट न काढता. स्वयंपाकघरात.

"रोवेना! चांदी!"

सात वर्षं हा माणूस शेतं तुडवत होता. सात वर्षांची कमाई बिस्किटांच्या एका डब्यात मावत होती: शिवणाऱ्या बायकांची चेपलेली अंगुस्तानं, नाड्यांच्या टोकांची पितळी टोपणं आणि विजारींची बटणं. शोधकांच्या क्लबातली मंडळी त्याला 'विजारवाला' म्हणत, आणि तो ते कौतुकानेच म्हणतात असं धरून चालला होता. आज त्याच्या तळहातावर चिखलाचा एक गोळा होता, आणि गोळ्यातून चांदीची एक कड डोळा मिचकावत होती.

रोवेनाने कड ओळखली. तिने झडप घालायला हात पुढे केला आणि तसाच मागे घेतला.

"सोळाशे साठ ते ऐंशी," क्लेमंट म्हणाला. "पट्ट्याचं बक्कल. मोठा सरदार असणार. पळताना पडलंय."

"तुला कसं कळलं पळत होता ते?"

"एवढी वस्तू पडली तरी मागे वळून पाहिलं नाही म्हणजे पळतच असणार. घाबरलेला होता."

"बाई असेल एखादी," रोवेना हळूच म्हणाली. "घाबरलेली."

"छे! इतकं भारी बक्कल लावून चिखलात यायला? अशी मूर्ख बाई कोण असेल?"

रोवेनाने नळ सोडला.

"आपण ते जरा धुऊन बघूया का?" तिने विचारलं. धुतलं तर हा माणूस ओळखेल, आणि आपल्याला बोलावं लागणार नाही, असा तिचा हिशेब होता.

"नखसुद्धा लावायचं नाही!" क्लेमंट किंचाळला. "पहिला नियम! जसं मिळालं तसं तज्ज्ञांकडे न्यायचं. जुनी चांदी आहे, सरकारला कळवावं लागेल. कॉरोनरकडे केस जाईल!"

कॉरोनर एरवी संशयास्पद मृत्यूंची चौकशी करतो. याही प्रकरणात एक मृत्यू लवकरच होणार, असं रोवेनाला वाटून गेलं.

खरं तर तिने तिथेच सांगून टाकायला हवं होतं. पण लग्नाच्या दिवशीसुद्धा या माणसाचा चेहरा इतका उजळला नव्हता. (हे तिला जरा लागलंच.) सांगावं तर त्याचं सुख जातं आणि आपली अब्रूही, न सांगावं तर बक्कल सरकारजमा होतं. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. उद्या सांगू, असं तिने ठरवलं, तोवर क्लेमंट फोनवर होता.

"आई, हातभर खोल होतं!"

घरी येताना वाटेत बल्लार्डला सांगितलं तेव्हा ते वीतभर होतं.

डोरीनबाईंचं उत्तर रिसीव्हरबाहेरही ऐकू आलं. शनिवारी म्युझियममध्ये तज्ज्ञ बाई लोकांच्या वस्तू पाहतात, तिथे त्याही येणार. रविवारी त्यांचा पंचाहत्तरावा वाढदिवस. "आणि रोवेनाला सांग, रविवारी आपलं बक्कल लावून यायचं. माझ्या मैत्रिणींना पाहायचंय."

शनिवारी गाडीत सासूबाई मागे बसल्या. रोवेनाने शेवटचा प्रयत्न केला.

"क्लेमंट, त्या बक्कलाबद्दल..."

"हो ना! मलाही दुसरं काही सुचत नाही."

म्युझियममध्ये रांग होती. प्रत्येकाच्या हातात प्लॅस्टिकची डबी आणि चेहऱ्यावर 'माझंच खरं' असा भाव. टेबलामागे मिस पॅजेट बसल्या होत्या. लोकांनी आणलेला राजमुकुट म्हणजे पडद्याची कडी आहे, हे समोरच्याला रडू न येता सांगणं, ही त्यांची नोकरी. क्लेमंटने डबी उघडली.

"पट्ट्याचं बक्कल. दुसऱ्या चार्ल्सचा काळ. कमरेइतकं खोल."

"कमरेइतकं?" मिस पॅजेटनी भिंगावरून पाहिलं. "तुम्ही विहीर खणत होता का?"

त्यांनी लाकडी काडी घेतली, पाण्याचा थेंब सोडला आणि चिखल हळूहळू सोडवायला लागल्या. आधी एक वेल दिसली. मग हृदयाचा आकार. डोरीनबाई चष्मा सावरत पुढे वाकल्या. त्यांनी बक्कलाकडे पाहिलं, मग रोवेनाच्या तोंडाकडे, मग तिच्या कमरेकडे. रोवेनाच्या कानात त्या शेतातल्या यंत्रासारखं काहीतरी किंचाळायला लागलं. डोरीनबाईंनी तोंड उघडलं, आणि त्याच क्षणी मिस पॅजेट म्हणाल्या, "हा बघा जहाजाचा नांगर."

"जहाजावरचा सरदार!" क्लेमंट ओरडला.

"बर्मिंगहॅमचा शिक्का आहे हा. तिथे तपासलेल्या चांदीवर नांगर ठोकतात. शेजारचं अक्षर सालाचं. चौऱ्याहत्तर."

"सोळाशे चौऱ्याहत्तर! मी म्हणालोच होतो!"

"एकोणीसशे."

"पण इतकं खोल..."

"खड्डा जुना असेल, मिस्टर थर्केटल," मिस पॅजेट प्रेमाने म्हणाल्या. "वस्तू नवी आहे. नक्षी जुन्या चालीची आहे खरी, पण दागिन्यांच्या दुकानात मिळायची अशी."

डोरीनबाईंचं उघडलेलं तोंड मिटलं. इतकं घट्ट मिटलेलं ते रोवेनाने प्रथमच पाहिलं.

"एक सांगू?" मिस पॅजेट डबी बंद करत म्हणाल्या. "काही सापडलं की राजेरजवाड्यांकडे जायच्या आधी घरात विचारत जा. कोणाचं काही हरवलंय का."

क्लेमंट पडेल चेहऱ्याने वळला. "रोवेना, तुझं काही हरवलंय?"

तिने श्वास घेतला. "क्लेमंट, खरं सांगायचं तर..."

"तिचं कसं असेल?" डोरीनबाई कडाडल्या. "तिचं तीनशे वर्षांचं आहे! असली बाजारातली वस्तू थर्केटलांच्या उंबऱ्याच्या आत आलेली नाही. क्लेमंट, जा, चहा आण. केकही आण. हळू आण."

तो गेला. सासू-सून कोपऱ्यातल्या टेबलाशी समोरासमोर बसल्या.

"कधी पाडलंस?" डोरीनबाईंनी विचारलं.

"चहा द्यायला गेले होते तेव्हा. बल्लार्डच्या शेतात. चुकलंच माझं, आई."

"बल्लार्डच्या शेतात," डोरीनबाई म्हणाल्या आणि साखरेच्या वाटीशी बोलू लागल्या. "तेव्हा ते आमच्याकडे खंडाने होतं. क्लेमंटचे वडील बिघडलेल्या ट्रॅक्टरखाली आडवे पडले होते. मीपण चहा घेऊन गेले होते. नवीनच लग्न झालं होतं माझं."

रोवेना खुर्चीत पुढे सरकली.

"म्हणजे खरं बक्कल..."

"आहे की तिथेच. नॉरिचच्या दुकानात गेले आणि त्यातल्या त्यात तसं दिसणारं घेऊन आले. सासूबाईंना मरेपर्यंत कळलं नाही. म्हणजे त्या बोलल्या तरी नाहीत." मग त्यांची मान ताठ झाली. "क्लेमंटला कळता कामा नये. आणि ज्या अर्थी तूही हरवलंस, त्या अर्थी खरं आता तूच शोधायचंस. त्याच्याबरोबर जात जा दर शनिवारी."

"मी?"

"मग काय या वयात मी वाकू?"

क्लेमंटला बक्कल परत मिळालं. कॉरोनरला त्यात काडीचा रस नव्हता. घरी आल्यावर त्याने ते स्वतः धुतलं, पुसलं आणि मोठ्या मनाने बायकोला दिलं. "हे तू घे. शेतात येताना लावत जा. हरवलं तरी हळहळ नको. आईचं मात्र कपाटातून काढू नकोस हं, उद्याचा दिवस सोडून."

दुसऱ्या दिवशी रोवेना ते लावून वाढदिवसाला गेली. डोरीनबाई मैत्रिणींना "तीनशे वर्षं, सात सुना" सांगत होत्या, आणि मैत्रिणी भक्तिभावाने रोवेनाच्या पोटाकडे पाहत होत्या. क्लेमंटने तिला पडद्याआड ओढलं.

"अगं, चुकीचं लावून आलीस! आईची नजर घारीसारखी आहे, क्षणात ओळखेल ती!"

"ओळखलं तर मीच सांगेन त्यांना," रोवेना म्हणाली.

असा रोवेनाचा शेतात प्रवेश झाला. क्लेमंटने तिला हौसेने दुसरं यंत्र घेऊन दिलं. सुरुवातीला ती फक्त बक्कल शोधत होती. पण ही साथ वाईट. नाताळपर्यंत तिला कड्या आणि टोपणं यांच्यातला फरक कळू लागला. जानेवारीत ती जेवताना बटणांच्या दांड्यांविषयी बोलू लागली. फेब्रुवारीत तिने क्लेमंटला सुनावलं, "माझ्या रेषेतून जरा बाजूला हो."

मार्चमधल्या एका शनिवारी तिचं यंत्र गोड वाजलं. तिने कुदळीने ढेकूळ फोडलं आणि एक हिरवट, चेपलेली, मातीने माखलेली चकती हातात घेतली. अंगठ्याने माती सरकवली (नियम नवख्यांसाठी असतात) तर पाकळ्या दिसल्या. एक, दोन, तीन.

"क्लेमंट!" तिचा आवाज बल्लार्डच्या गोठ्यापर्यंत गेला. "ट्यूडर गुलाब! राजघराण्याची खूण! कोणा दरबाऱ्याच्या झग्यावरचा असणार. पंधराशे चाळीस, फार तर पन्नास! आणि वीतभर... नाही, हातभर खोल!"

क्लेमंट आला. त्याने चकती घेतली, थुंकी लावून विजारीवर घासली, भिंगाखाली धरली.  मग त्याने रोवेनाच्या निळ्या कोटाकडे पाहिलं. लग्नानंतर प्रथमच तो तिच्या अंगावरचं काहीतरी इतकं निरखून पाहत होता.

"वरून दुसरं," तो म्हणाला.

रोवेनाने खाली पाहिलं. कोटावर पहिलं बटण होतं, तिसरं होतं. दोन्हींवर गुलाब होते.

"आधी घरात विचारावं, रोवेना," क्लेमंट अतिशय मायेने म्हणाला, आणि बटण जपून खिशात टाकत पुढे म्हणाला, "राहू दे, मी लावतो. बटणं हा माझा विषय आहे."